जलरंग, घर आणि दहा मिनिटे

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या निजामशाहीतली एक फारसी पोथी जपून ठेवलेली आहे. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे तिचे नाव. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशाहाच्या स्तुतीसाठी ती रचली आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतरच्या चार-पाच वर्षांत ती लिहून, रंगवून झाली. दख्खनमध्ये कागदावर रंगवलेल्या सर्वांत जुन्या चित्रांत तिच्यातल्या चित्रांची गणना होते. बादशहाच्या शेजारी त्याची बेगम खुंजा हुमायूँ बसली आहे, अशी चित्रे तिच्यात होती. ‘होती’ म्हणायचे कारण असे, की पुढे बहुतेक चित्रांतून तिला पुसून टाकण्यात आले. नवरा वारल्यावर या बाईने लहान मुलाच्या नावाने काही वर्षे राज्य चालवले. मुलगा मोठा झाला आणि त्याने आईला कैदेत टाकले. आज त्या पानांवर बादशहा तेवढा दिसतो. बाजूला एक डाग.

दख्खनच्या चित्रांचा इतिहास वाचायला घेतला की बाई अशी भेटते. ती चित्रात असते किंवा चित्रातून पुसलेली असते. चित्र काढताना ती क्वचितच सापडते, आणि पदराला मूल लोंबकळत असताना हातात कुंचला धरलेली तर शोधूनही सापडत नाही.

हा शोध मी घेतला त्याचे कारण अगदी घरगुती आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवते. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी जलरंग शिकायला लागले, त्याला आता दीड वर्ष होईल. त्याआधीचा माझा रंगांशी संबंध म्हणजे बीएडला असताना पाठासाठी केलेले तक्ते. पोस्टर कलरने रंगवलेले पानाचे भाग आणि जलचक्र. आता रंगपेटी उघडली की घरी-दारी एकच प्रश्न येतो, ‘मुलं लहान आहेत, आत्ताच कशाला? मोठी झाल्यावर कर की.’ विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण प्रश्न इतक्या वेळा आला की मला वाटले, हे एकदा इतिहासालाच विचारून पाहावे. ज्यांनी पाण्याच्या रंगांत काम केले, त्यांची मुले तेव्हा कुठे होती? कोणाच्या कडेवर होती?

आधी शब्दाबद्दल थोडेसे, कारण दोन भाषा शिकवणारीला ते टाळता येत नाही. मराठीत जलरंग, उर्दूत आबी रंग. ‘आब’ म्हणजे पाणी, आणि मोत्याचे तेज म्हणजेही आब. हाच शब्द मराठीत आला तो ‘आब राखून राहणे’ असा, इभ्रतीच्या अर्थाने. जलरंगात चकाकी येते ती खालच्या कागदाच्या पांढरेपणामुळे. रंग इतका पातळ असतो की उजेड त्याच्यातून जातो, कागदावर आपटतो आणि परत येतो. पांढरा रंग लावायचाच नसतो, कागद राखायचा असतो. म्हणजे इथेही आब राखणेच आले.

आणि कागदाच्या बाबतीत मराठवाड्याला परक्याकडे बघावे लागत नाही. दौलताबाद आणि खुलदाबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे कागजीही आले, असे मानतात. राजधानी परत गेली, कागजी राहिले. चिंध्या कुटून लगदा करायचा, साच्याने ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. खळ आणि घोटाई यांना चित्रकाराच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. खळ नसलेला कागद टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. खळ असेल तर रंग वर तरंगत राहतो आणि त्याला हलवायला तुम्हाला दोन-तीन मिनिटे मिळतात. या दोन-तीन मिनिटांकडे मी पुन्हा येणार आहे.

कागद इथला असला तरी जुने रंग घरच्या बाईसाठी नव्हते. खडे, माती, वनस्पती, काजळी हे सगळे कुटायचे, खलायचे, धुवायचे, बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक मिसळायचा. एकेका रंगाला दिवसच्या दिवस जात. हे काम कारखान्यांत, उस्ताद आणि शागिर्द यांच्यात, बापाकडून मुलाकडे चाले. रंगांचे तयार खोके ही गोष्ट इंग्रजांबरोबर आली. लंडनच्या विल्यम रीव्ह्जने १७८० च्या सुमारास रंगांच्या कडक वड्या बनवल्या आणि त्या ईस्ट इंडिया कंपनीमार्फत हिंदुस्थानात पोहोचल्या. १८३५ मध्ये विन्सर आणि न्यूटन यांनी ओलसर वड्या काढल्या. आता घासत बसायचीही गरज उरली नाही. ओला ब्रश टेकवला की रंग सुटतो. पेटी बंद केली की पसारा संपला. तैलरंगासारखा वास नाही, टर्पेंटाइन नाही, ओले कॅनव्हास मुलांपासून लपवायला वेगळी खोली नको.

कंपनीच्या साहेबांच्या बायका-बहिणींनी या पेट्या घेऊन भरपूर चित्रे काढली. घाट, मशिदी, हत्ती, बाजार. ती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत आणि त्यातली काही खरोखर चांगली आहेत. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या साहेबिणींना मुले होती, त्यांचे हात मोकळे होते कारण ती मुले आयांच्या कडेवर होती, आणि त्या आया आपल्यातल्या होत्या. त्यातल्या अनेक मुसलमान होत्या. त्यांनी काढलेले एकही चित्र मी कुठे पाहिलेले नाही.

आपल्या राज्यातला जलरंगाचा पहिला मोठा मुसलमान चित्रकार म्हणजे कोल्हापूरचे आबालाल रहिमान. हे नाव आपल्या मुलांना शाळेत सांगितले जात नाही, ते सांगितले पाहिजे. घरात अरबी-फारसीचे शिक्षण आणि कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा होती, असे त्यांच्याबद्दल सांगतात. म्हणजे बोरू आणि शाई लहानपणापासून हाताजवळ. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले होते. आबालाल तिथे शिकले, नाव कमावले, आणि मुंबईत धंदा न मांडता कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. पंचगंगेचा काठ, रंकाळा, कोटितीर्थ ही त्यांची ठिकाणे. तेच पाणी, तीच झाडे, निरनिराळ्या वेळची. लहान आकाराचे कागद, त्यावर बारीक बारीक ठिपके आणि फटकारे, आणि त्यातून सकाळचा ओलसर उजेड उभा राहतो. युरोपात त्याच काळात लोक उघड्यावर बसून उजेड रंगवत होते, पण आबालालांना ते बघायला जायची गरज पडली नाही.

ते फकिरी वृत्तीने राहिले. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी आठवण कोल्हापुरात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ज्याने कधी जलरंग हाताळला आहे त्याला ही आठवण ऐकून अंगावर काटा येतो. डिंक पाण्यात विरघळतो. ज्या पाण्याचे चित्र होते त्याच पाण्यात रंग सुटून गेला असणार आणि कोरे, फुगलेले कागद वर तरंगले असणार. १९३१ मध्ये आबालाल वारले. उरली ती चित्रे थोडी आहेत.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आबालालांकडे नाही. त्यांच्याबद्दल जे जे सांगतात त्यात पहाट आहे, तळे आहे, महाराज आहेत. भाकरी कोण थापत होते, हे त्यात कुठेच येत नाही. फकिरी ही मोठी गोष्ट आहे, पण ज्याच्या घरी पाच वर्षांचे पोर आहे त्याने फकिरी स्वीकारली, तर ती फकिरी दुसऱ्या कोणाला तरी भोगावी लागते.

मुलेबाळे असलेल्या चित्रकारांकडे वळावे, तर सावळाराम लक्ष्मण हळदणकर समोर येतात. मूळचे सावंतवाडीचे. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात त्यांचे हातात दिवा धरलेल्या बाईचे चित्र आहे. कॅलेंडरवर तुम्ही ते नक्की पाहिले असेल, आणि ते राजा रविवर्म्याचे आहे असे ऐकलेही असेल. ते हळदणकरांचे आहे आणि तैलरंगात नसून जलरंगात आहे. दिव्याच्या ज्योतीवर आडवा हात, बोटांच्या फटींतून लालसर उजेड, साडीवर पडलेली आभा. जलरंगात एकदा लावलेला गडद रंग पुन्हा उजळ करणे जवळजवळ अशक्य, त्यामुळे इतक्या अंधारातून इतका उजेड काढणे म्हणजे काय ते शिकाऊ माणसाला जास्त कळते. दिवा धरून उभी होती ती त्यांची मुलगी गीता. म्हणजे बाप आणि मूल एका खोलीत, मधे रंगांचे पाणी. माझ्या घरचे दृश्य वरवर पाहता असेच आहे. फरक इतकाच, की हळदणकरांची मुलगी स्थिर उभी राहिली. माझी दोन मिनिटांत विचारते, ‘अम्मी, झालं?’

पंढरपूरला १९१५ मध्ये जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे दुसरे उदाहरण, आणि लेकुरवाळ्या चित्रकाराचे अगदी खरे. १९३७ च्या सुमारास ते मुंबईत आले, सिनेमाचे बोर्ड रंगवले. १९४१ मध्ये फाजिला यांच्याशी निकाह झाला. संसार वाढला तसे बोर्डांवर भागेना. लहान मुलांसाठी खेळणी आणि मुलांच्या खोलीतले लाकडी सामान रंगवण्याचे, त्याचे नमुने काढण्याचे काम त्यांनी काही वर्षे केले. १९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचे चित्र लागले आणि तिथून पुढची कहाणी सर्वांना माहीत आहे. पुढच्या हुसेनबद्दल मते काहीही असोत, खेळणी रंगवून घर चालवणारा हा तरुण बाप मला जवळचा वाटतो. त्यांच्या चित्रांतले घोडे आणि चाके मला त्या खेळण्यांची नातेवाईक वाटतात. हे माझे मत, कोणी तज्ज्ञाने सांगितलेले नाही. पण हुसेन अनवाणी जग फिरत असताना सहा मुलांचे घर कोणी सांभाळले? फाजिलांचे नाव चरित्रांत येते ते बहुतेक लग्नाच्या वाक्यात.

आता ‘मुले मोठी झाल्यावर’ या सल्ल्याकडे येऊ. ज्या बाईने मुले मोठी झाल्यावरच मोठे काम केले तिची गोष्ट आपल्या मराठवाड्यात घडली. क्रिस्टियाना हेरिंगहॅम ही इंग्रज बाई डॉक्टरची बायको, दोन मुलग्यांची आई. जुन्या पद्धतीच्या चित्रकलेचा तिचा गाढा अभ्यास होता. इटलीतल्या चेन्निनीच्या चित्रकलेवरील जुन्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर तिने १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. १९०९ ते १९११ या काळात, पन्नाशी उलटून गेल्यावर, ती अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आली. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आपले जळकोट-उदगीरही. फर्दापूरजवळ तंबू पडले. अंधाऱ्या लेण्यांत वटवाघळे, बाहेर मधमाश्यांची पोळी. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण आले. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे दोघे आले. नंदलाल बोसांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, या दोघांचे नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. सय्यद अहमद पुढे त्याच लेण्यांचे क्युरेटर झाले आणि त्यांनी आयुष्य अजिंठ्याच्या नकलांत घातले.

हेरिंगहॅमबाईंच्या नकलांचे पुस्तक १९१५ मध्ये लंडनला निघाले. तोवर त्यांचे मन आजारी पडले होते. अजिंठ्याहून परतल्यावर लगेचच त्या उपचारगृहात गेल्या आणि १९२९ मध्ये मरेपर्यंत बऱ्या झाल्या नाहीत. थोरला मुलगा लहान वयातच वारला होता, धाकटा १९१४ मध्ये महायुद्धात मारला गेला. अजिंठ्याला त्यांना हाताशी मिळाले ते दोन हिवाळे. थांबलेल्या बाईला पुढे भरपूर वेळ मिळतोच, असे निदान या गोष्टीतून तरी निघत नाही.

मुले लहान असताना, कोणी शिकवलेले नसताना, पाण्याचे रंग हातात घेतलेली बाई शेवटी मला महाराष्ट्राबाहेर सापडली. सुनयनी देवी. जन्म १८७५, कलकत्त्याचे जोडासाँकोचे ठाकूर घराणे; रवींद्रनाथांची पुतणी, गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ या चित्रकारांची धाकटी बहीण. बाराव्या वर्षी लग्न झाले. भाऊ चित्रे काढत ते तिने पाहिले होते, पण तिला कोणी शिकवणी लावली नाही. तिशीच्या आसपास, लेकुरवाळी असताना, घरच्या व्यापातून वेळ काढत तिने रंगवायला सुरुवात केली. राधा, कृष्ण, आरशासमोरची बाई, पोपट घेतलेली बाई, लांबट मोठे डोळे. खेड्यातल्या पटचित्रांची आणि मातीच्या बाहुल्यांची ठेवण. १९२२ मध्ये जर्मनीच्या बाउहाउस शाळेतल्या चित्रकारांचे प्रदर्शन कलकत्त्यात भरले तेव्हा शेजारी हिंदुस्थानी चित्रकारांची कामे लावली होती, त्यात सुनयनी देवींचीही होती. स्टेला क्रामरिश या कलेच्या विदुषीने त्यांच्यावर लिहिले.

ठाकूरांच्या घरी नोकर होते, हे मान्य. रंग आणि कागद मागायला बाहेर जावे लागत नव्हते, हेही मान्य. जळकोटच्या मास्तरणीशी त्या घराची तुलना होऊ शकत नाही. तरी मला त्यांच्या कामाची रीत फार शिकवून गेली. अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांकडून वॉशची पद्धत घेतली होती. रंग लावायचा, सुकू द्यायचा, मग अख्खा कागद पाण्यात बुडवायचा. सैल रंग निघून जातो, मुरलेला राहतो. परत रंग, परत पाणी. सुनयनी देवी याच घरगुती रीतीने काम करत. यात दर फेरीनंतर थांबावेच लागते. म्हणजे चित्र स्वतःच तुम्हाला म्हणते, ‘ऊठ, आता मुलांना जेवायला वाढ.’ आईच्या तुकड्यातुकड्यांच्या वेळात बसणारी ही रीत आहे.

पण इथे जलरंगाची उगाच तारीफ करायची नाही. तो थांबू देतो, पण त्याला हव्या त्या जागीच. आकाशाचा ओला वॉश कागदाच्या वरच्या कडेपासून खाली ओढायला घेतला आणि मधेच धाकट्याने हाक मारली, तर उठता येत नाही. उठलात तर तिथे कडक रेघ पडते. अर्धवट सुकलेल्या जागी परत ओला ब्रश लावला तर फुलकोबीसारखा डाग उमटतो, तो जात नाही. म्हणून वर मी त्या दोन-तीन मिनिटांबद्दल म्हटले. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की वॉश अर्ध्या मिनिटात सुकू लागतो. कागदाला मागून-पुढून पाणी लावून घ्यावे लागते. पावसाळ्यात उलट, तास-तास ओल हटत नाही. हिशेब केला तर एका लहान चित्राला लागतात दोन-अडीच तास, पण त्यातली सलग लागतात ती फक्त दहा मिनिटे. बाकीचा वेळ तुकड्यांत चालतो. आबालालांना, हळदणकरांना, हुसेनना तासन्‌तास सलग मिळाले. सुनयनी देवींना निदान ही दहा मिनिटे मिळत असली पाहिजेत. साहेबिणीच्या आयेला तीही मिळाली नाहीत. जलरंगाचा इतिहास मला आता असा दिसू लागला आहे: कोणाला सलग दहा मिनिटे मिळाली, आणि ती कोणी दिली.

साहित्याची अडचण आता फारशी राहिलेली नाही. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, त्यातून कॅम्लिन उभी राहिली. सुभाष दांडेकर परदेशी रंगशास्त्र शिकून आले आणि साठच्या दशकात कंपनी चित्रकलेच्या रंगांत उतरली. त्यामुळे उंटाच्या छापाची पेटी आज तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांमुळे दुकानदार ती ठेवतो. कागद मात्र जाड घ्यावा. शाळेचा ड्रॉइंग पेपर पाणी लागले की पापडासारखा फुगतो, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही. दोन ब्रश पुरतात, एक जाड आणि एक मध्यम. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. लातूरकरांना पाण्याचे मोल सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. माझ्याकडे दोन जुने चहाचे कप आहेत, तेवढे पाणी एका बैठकीला पुरते.

आणखी एक प्रश्न आपल्याच घरांत येतो. सासूबाईंनी तो आडून विचारला, ‘तस्वीर काढतेस का?’ सहीह बुखारीत हजरत इब्न अब्बास यांच्याकडे आलेल्या एका चित्रकाराची हदीस आहे. चित्रांवरच पोट असल्याचे तो सांगतो, तेव्हा ते त्याला झाडे आणि जीव नसलेल्या वस्तू काढायला सांगतात. या विषयावर उलेमांची मते बारकाईने वेगवेगळी आहेत आणि मी फतवा देणारी नाही. दख्खनच्या मुसलमान दरबारांनी माणसांची शेकडो चित्रे काढून घेतली, हा इतिहास आहे. अनेक घरांत भिंतीवर माणसाचे चित्र लावत नाहीत, हीही आजची गोष्ट आहे. मी झाडे, ओढे आणि पडक्या भिंती काढते. तिरू नदीचे उन्हाळ्यातले पात्र, बालाघाटाच्या उघड्या टेकड्या, शाळेच्या आवारातला लिंब. शिकाऊ माणसाला एवढे विषय जन्मभर पुरतील. सासूबाई आता लिंबाच्या पानांचा हिरवा रंग फार निळा झाला, असे सांगतात. त्यांचे बरोबर असते.

मुलगी मात्र माणसेच काढते. तिच्या कागदावर अम्मी असते, अब्बू असतात, आणि भावाला ती प्रत्येक चित्रात कोपऱ्यात, मुंगीएवढा काढते. त्याच्यावरून रोज भांडण. धाकटा ब्रश धुण्याच्या कामावर नेमलेला आहे. सगळे रंग एका कपात मिसळले की तपकिरीच होतो, याचा शोध त्याने स्वतः लावला आणि तो शोध तो रोज नव्याने लावतो.

शाळेतल्या दोन-तीन मुलींच्या आया आता विचारतात, ‘आपा, हे कधी करता?’ त्यांना मी खरे ते सांगते. मगरिबनंतर मुलांचे अब्बू दोघांना घेऊन दुकानात जातात. दूध, बिस्कीट, कधी नुसतेच चौकात. जायला-यायला वीस मिनिटे. पहिली दहा भांडी बाजूला सारण्यात आणि कागद टेपने चिकटवण्यात जातात. उरलेल्या दहात आकाशाचा वॉश बसतो. टेकड्या आणि झाडे मग ते परत आल्यावर, गृहपाठ घेता घेता होतात.